लाना टर्नर कोण होती, हे आधी ठाऊक असायला हवे का?

प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे. ती गेल्या साठ-सत्तर वर्षांतील अमेरिकन कवितांचे एक संकलन वाचते आहे आणि पानोपानी अडखळते आहे. कुठे हॉलिवूडची नटी लाना टर्नर येते, कुठे काउबॉयपटांचा नायक जॉन वेन, कुठे कार्टूनमधला खलाशी पॉपाय, तर कुठे १९३०च्या दशकातील एखादी विस्मरणात गेलेली नटी. ती विचारते, "मी यांतले बहुतेक चित्रपट पाहिलेले नाहीत. कविता वाचण्याआधी ते पाहून घ्यावेत का? आणि इतका सिनेमा, इतकी कार्टून कवितेत आल्यावर ती गंभीर कविता राहते, की जुन्या आठवणींचे नुसते कौतुक होते?"

मी गेली पंचवीस वर्षे इंग्रजी कविता शिकवतो, सुट्टीत चित्रपट रसग्रहणाची शिबिरे घेतो आणि अधूनमधून अमेरिकन कवितांचे मराठी भाषांतर करतो. या तिन्ही कामांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. थोडक्यात उत्तर हवे असेल तर आधी कविता वाचावी, चित्रपट नंतर पाहावा, आणि कविता वाचताना पडद्यावर काय चालले आहे यापेक्षा कवी कोणत्या खुर्चीत बसून तो पडदा पाहतो आहे हे शोधावे. ती खुर्ची सापडली की चित्रपट न पाहताही कविता बरीचशी उलगडते. ती सापडली नाही, तर चित्रपट दहा वेळा पाहूनही फारसे हाती लागत नाही.

लाना टर्नरपासूनच सुरुवात करू. फ्रँक ओ'हारा या न्यूयॉर्कच्या कवीने तिच्यावरची कविता ९ फेब्रुवारी १९६२ रोजी लिहिली, तीही स्टेटन आयलंडला जाणाऱ्या फेरीबोटीत. तिथल्या वॅग्नर कॉलेजात त्याचे आणि रॉबर्ट लोवेलचे काव्यवाचन होते. लाना टर्नर कोसळल्याची बातमी त्याने वाटेत वर्तमानपत्रात पाहिली, बोटीत कविता लिहिली आणि त्याच संध्याकाळी ती वाचून दाखवली. लोवेल हा भारदस्त, इतिहासाचे ओझे वाहणारा, एकेक ओळ वर्षानुवर्षे घासणारा कवी होता, आणि त्याच्यासमोर ही अर्ध्या तासात झालेली सतरा ओळींची, जवळजवळ विरामचिन्हे नसलेली कविता आली. ती सभागृहात कशी पडली असेल याची कल्पना करता येते.

कवितेत घडते ते इतकेच. कवी घाईघाईने कुणाला तरी भेटायला निघाला आहे. पाऊस आणि हिम एकदमच सुरू होतात. सोबतचा माणूस म्हणतो की गारा पडत आहेत, आणि कवीला ते मान्य नाही, कारण गारा डोक्यात टणाटण बसतात. रस्त्यावरची वाहने आकाशासारखीच वागत आहेत. तेवढ्यात वर्तमानपत्राचा मथळा दिसतो. मग कवीच्या मनात येते की हॉलिवूडमध्ये कुठे हिम पडते, कॅलिफोर्नियात कुठे पाऊस पडतो? आपण इतक्या मेजवान्यांना गेलो, तिथे वागू नये तसे वागलो, पण कोसळलो मात्र कधी नाही. आणि शेवटी तो तिला उठायला सांगतो, कारण आमचे तुझ्यावर प्रेम आहे.

आता पाहा, या कवितेसाठी तिचा कोणता चित्रपट पाहायला हवा? एकही नाही. कवितेत एकाही चित्रपटाचे नाव नाही. लाना टर्नर ही वर्तमानपत्राच्या मथळ्यांतून सर्वांना एकेरीत ओळखीची झालेली बाई होती. १९५८ साली तिच्या किशोरवयीन मुलीच्या हातून तिच्या प्रियकराचा मृत्यू झाला होता, आणि त्या प्रकरणाने देशभरची पाने भरली होती. म्हणजे १९६२च्या त्या हिवाळी दिवशी ओ'हारा ज्या खुर्चीत बसला आहे ती चित्रपटगृहातली नाहीच. ती फेरीबोटीतली, हातात वर्तमानपत्र असलेल्या सामान्य प्रवाशाची खुर्ची आहे. दूरच्या ताऱ्याचे पडणे आणि आपले ओले, उशीर झालेले, किरकिरे दुपारचे हाल यांच्यातले अंतर एका क्षणात मिटते, आणि तो विनोद आणि तो जिव्हाळा एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

या कवितेचे मी केलेले पहिले मराठी भाषांतर वाया गेले, आणि त्याचे कारण सांगण्यासारखे आहे. शेवटच्या ओळीत मी 'आपण उठा' असे लिहिले होते. परक्या देशातील प्रसिद्ध स्त्री, वयाने मोठी, म्हणून आदरार्थी बहुवचन; व्याकरणाने सारे बिनचूक, पण कविता जागच्या जागी गार पडली. मराठी माणूस मधुबालेला कधी 'अहो' म्हणतो का? देवाला आणि पडद्यावरच्या नटीला आपण एकेरीतच हाक मारतो. 'ऊठ ना गं' केल्यावर ओळ पुन्हा श्वास घेऊ लागली. इंग्रजीला हा प्रश्नच पडत नाही, कारण तिथे एकच सर्वनाम सर्वांना पुरते. मराठीत मात्र भाषांतरकाराला खुर्चीचे अंतर आधी ठरवावे लागते. दुसरी एक अडचण अजून सुटलेली नाही. मूळ कवितेत तो मथळा दुसऱ्यांदा येतो तेव्हा मोठ्या अक्षरांत येतो, छापील पानावरून अंगावर धावून आल्यासारखा. देवनागरीला मोठी अक्षरे नाहीत. ठळक टाइप वापरून पाहिला, पण तो ओरडण्यापेक्षा जाहिरातीसारखा दिसतो.

ओ'हाराबद्दल आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यात आहे. तो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये नोकरी करत असे. १९५१ साली दर्शनी खिडकीवर बसण्यापासून त्याने सुरुवात केली आणि पुढे तो प्रदर्शनांची आखणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदापर्यंत पोहोचला. या संग्रहालयाने १९३५ सालीच चित्रपटांचे ग्रंथालय सुरू केले होते. चित्रपट हा जपून ठेवण्याचा, पुन्हा पाहण्याचा आणि चित्राशेजारी ठेवून बोलण्याचा विषय आहे, हे त्या इमारतीत गृहीतच होते. त्यामुळे चित्रपट उद्योगावरच्या संकटाला उद्देशून त्याने १९५५च्या सुमारास जी दीर्घ कविता लिहिली तिच्यात थट्टा आणि पूजा यांची जी सरमिसळ दिसते, ती अज्ञानी चाहत्याची नाही. दुबळी साहित्यिक नियतकालिके बाजूला सारून तो थेट चित्रपट उद्योगावर प्रेम जाहीर करतो, टेक्निकलर आणि सिनेमास्कोपसारख्या तांत्रिक शब्दांना देवतांची विशेषणे लावतो, आणि मग नटनट्यांची नामावळी सुरू होते. आपल्याकडे सहस्रनाम म्हणताना जशी विशेषण आणि नाव यांची लय लागते, तशीच काहीशी लय इथे लागते. शेवट इंग्रज कवी बायरनच्या समुद्राला उद्देशून लिहिलेल्या प्रसिद्ध आवाहनाच्या चालीवर, फिरत्या रिळांना उद्देशून होतो.

आणि ते संकट खरेच होते. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मोठ्या स्टुडिओंना आपली चित्रपटगृहे सोडावी लागली. घराघरात दूरचित्रवाणी संच आले आणि प्रेक्षक घरी बसला. मोठा पडदा, रुंद पडदा, चहूबाजूंनी येणारा आवाज ही सगळी त्या प्रेक्षकाला परत बोलावण्याची धडपड होती; १९५३ साली सिनेमास्कोप आला तो याच घाईत. हे ठाऊक असले की कवितेतल्या विशेषणांखालचा थरथराट ऐकू येतो: कवी ज्याची स्तुती गातो आहे ते आजारी आहे.

पण याच घटनेची दुसरी बाजू कवितेच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरली. १९५५-५६च्या सुमारास स्टुडिओंनी आपल्या जुन्या चित्रपटांचे साठेच्या साठे दूरचित्रवाणीला विकले. वॉर्नरचे जुने बोलपट आणि पॉपायची कार्टून त्यांतच गेली. परिणामी त्यानंतरच्या पिढीचे कवी १९३०-४०च्या दशकांतले चित्रपट रात्री उशिरा, घरच्या पलंगावरून, मध्ये मध्ये जाहिरातींसह, तुकड्यातुकड्यांनी आणि क्रम सोडून पाहत वाढले. ज्याला आपण 'अभिजात हॉलिवूड' म्हणतो ते त्यांना शाळेतील धड्यासारखे भेटले नाही, घरातल्या जुन्या भांड्यांसारखे भेटले. कवितेत त्याचे असे सहज, ओळख न करून देता येणे हे त्या पाहण्यातूनच आले आहे.

जॉन अ‍ॅशबेरीची पॉपायवरची कविता इथे आठवते. तिचे शीर्षक एखाद्या जुन्या डच निसर्गचित्राच्या नावासारखे भारदस्त आहे, शेतीची अवजारे, कंदमुळे वगैरे, आणि आत पॉपायच्या कार्टूनमधली सी हॅग, विम्पी, ऑलिव्ह ही मंडळी एका सदनिकेत बसली आहेत. रचना आहे सेस्टिना या मध्ययुगीन वृत्तबंधाची. सहा ओळींची सहा कडवी, शेवटी तीन ओळी, आणि त्याच सहा शब्दांनी ठरलेल्या क्रमाने ओळी संपवायच्या. अ‍ॅशबेरीने निवडलेल्या सहा शब्दांत 'पालक' हा एक शब्द आहे, भाजीचा. म्हणजे प्रत्येक कडव्यात कुठे ना कुठे ओळ पालकावर येऊन आपटणारच. दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्सच्या दरबारी परंपरेतील सर्वांत कडक बंधन आणि डब्यातली भाजी खाऊन दंड फुगवणारा खलाशी एकत्र आले की काय होते? माझ्या मते कार्टूनचे खरे स्वरूपच त्यातून उघडे पडते, कारण कार्टूनही ठरावीक गोष्टींच्या ठरावीक पुनरावृत्तीवरच चालते. दर भागात तोच मार, तोच डबा, तोच विजय. सेस्टिना ही कार्टूनची सख्खी बहीण आहे, हे अ‍ॅशबेरीच्या आधी कुणाला सुचले नसावे. गंमत म्हणजे स्वतः पॉपाय त्या खोलीत नाही. त्याला हद्दपार केले आहे आणि तो दूर कुठेतरी गडगडाटात आहे. ही कविता चित्रपट न पाहता वाचता येते, पण मोठ्याने वाचल्याशिवाय मात्र येत नाही.

अ‍ॅशबेरीची दुसरी कविता, डॅफी डक या कार्टूनमधल्या बदकावरची, मी पहिल्या वर्षाच्या वर्गात लावत नाही. तिच्या आधी १९५३चे, चक जोन्सने दिग्दर्शित केलेले सहा-सात मिनिटांचे एक कार्टून जरूर पाहावे. त्यात चित्रकार बिचाऱ्या डॅफीची पार्श्वभूमी पुसतो, त्याचा आवाज काढून घेतो, त्याला भलत्याच रूपात रंगवतो, आणि अखेरीस तो चित्रकार म्हणजे बग्ज बनी निघतो. अ‍ॅशबेरीचा डॅफी हॅन्डेलच्या ऑपेरापासून बेकिंग पावडरच्या डब्यापर्यंत सगळे एका श्वासात बोलतो. आपल्याला कुणीतरी सतत रेखाटते आहे आणि पुसते आहे, ही भीती त्या बडबडीखाली आहे. 'आधी पाहावे का' या प्रश्नाला माझे 'हो' असे उत्तर ज्या मोजक्या कवितांबाबत आहे, त्यांत ही एक.

आतापर्यंतचे दोन्ही कवी गोरे, न्यूयॉर्कच्या कलावर्तुळातले आणि पडद्याशी लाडात असलेले आहेत. खुर्ची बदलली की सारे बदलते. लँग्स्टन ह्यूज या कृष्णवर्णीय कवीने १९५१च्या आपल्या संग्रहात चित्रपटांवर एक अगदी लहान कविता लिहिली आहे. तिच्यात आधी हार्लेम या न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या चार चित्रपटगृहांची नावे येतात. मग आत बसलेले हार्लेम चुकीच्या जागी हसते. पडद्यावर अश्रू ढाळले जात आहेत, आणि कृष्णवर्णीय प्रेक्षक खो खो हसतो आहे, कारण ते मगरीचे अश्रू आहेत आणि ती कलाही मगरीचीच आहे हे त्याला मनातून ठाऊक आहे. शेवटी कंसात तो म्हणतो की हॉलिवूड मला हसते, मग मीही उलट हसतो. ह्यूजला हे बाहेरून ठाऊक नव्हते. त्याने १९३९ साली एका मळ्यावरच्या जीवनाच्या हॉलिवूडपटाची पटकथा सहलेखक म्हणून लिहिली होती आणि त्या चित्रपटातील गुलामांच्या गोडगोजिऱ्या चित्रणावर टीकाही झाली होती. ही कविता वाचताना त्याचे ते हसणे स्वतःवरचेही आहे असे मला नेहमी वाटते. भाषांतराची एक नोंद करतो. 'नक्राश्रू' हा शब्द हाताशी असूनही इथे चालत नाही, कारण ह्यूज 'मगर' हा शब्द अश्रूंपासून सोडवून पुढे कलेला आणि मग मोकळाच वापरतो. समास फोडता येत नाही, म्हणून साधे 'मगरीचे अश्रू' बरे.

तुमच्या संकलनातली जॉन वेनची कविता बहुधा लुईस अर्ड्रिकची असावी. ती १९८४च्या तिच्या पहिल्या संग्रहात आहे. अर्ड्रिक ही ओजिब्वे या मूळनिवासी समाजाच्या टर्टल माउंटन शाखेची आणि नॉर्थ डाकोटात वाढलेली. कविता ऑगस्टमधल्या एका रात्रीची आहे. उघड्या मैदानात गाड्या लावून पाहायचे चित्रपटगृह, गर्दी तुडुंब, आणि काही मूळनिवासी तरुण-तरुणी आपल्या पॉन्टिअक गाडीच्या पुढच्या टपावर रेलून बसले आहेत. डास हटवण्यासाठी खिडकीवर विकत मिळणारी, सावकाश जळणारी नागमोडी वेटोळी त्यांनी पेटवून ठेवली आहेत. पडद्यावर गोऱ्या वसाहतवाल्यांवर 'इंडियन' हल्ला करतात आणि मग जॉन वेनचा प्रचंड चेहरा आकाशभर पसरतो, सुडाच्या ढगासारखा.

मी ही कविता एका तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवत असताना एका विद्यार्थ्याने मला थांबवून विचारले होते की ती वेटोळी म्हणजे आपली कासवछापच ना? मग त्याने जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर पोते टाकून पाहिलेल्या टूरिंग टॉकीजचे वर्णन केले. तिथे डास होते, धूर होता, आणि पडद्याच्या मागच्या बाजूने उलटे चित्र पाहणारी पोरेही होती. त्या दिवशी वर्गाला कवितेची खुर्ची मी न सांगता सापडली. उघड्यावर, अंगाला डास चावत असताना, ज्या भूमीवर आपण बसलो आहोत ती आपल्याकडून कशी घेतली गेली याची विजयगाथा पैसे देऊन पाहणारे लोक, ही त्या कवितेची बैठक आहे. डासांचे थवे आणि पडद्यावरचे हल्लेखोर यांच्यासाठी कवयित्री एकाच रंगाचे शब्द वापरते, हेही मग दिसू लागते.

कवितेत चित्रपटाचे नाव नाही, आणि ते योग्यच आहे, कारण तो कोणताही असू शकतो. तरीही पाहायचाच असेल तर जॉन फोर्डचा १९५६ सालचा 'द सर्चर्स' पाहावा. मी तो शिबिरात दरवर्षी दाखवतो आणि दरवर्षी त्याच्या सौंदर्याने हरतो. दारातून बाहेर उजेडात उघडणारी पहिली चौकट आणि दारातच बंद होणारी शेवटची चौकट यांच्याइतके नेमके काम फार थोड्या चित्रपटांत आहे. आणि त्याच वेळी हेही सांगावे लागते की कथा टेक्ससमधल्या कोमांचींची, चित्रीकरण नावाहोंच्या भूमीवर मॉन्युमेंट व्हॅलीत, कोमांची म्हणून उभे केलेले बरेचसे लोक नावाहो, आणि त्यांच्या सरदाराची भूमिका जर्मनीत जन्मलेल्या एका गोऱ्या नटाची. अर्ड्रिकची कविता त्या सौंदर्याला नाकारत नाही. टपावरची मंडळी हसतात, पाहतात, त्या चेहऱ्यात ओढली जातात. दिवे गेल्यावर आणि श्रेयनामावली सरकल्यावर मात्र ती आपल्या कातडीत परत येतात, लहान होऊन, गप्प. जॉन वेन १९७९ साली कर्करोगाने गेला. कवितेचा शेवट त्या रोगावर येतो, आणि सर्व काही बळकावत जाण्याची ती मूळ वृत्तीच पेशींमध्ये उतरल्यासारखी दिसते. हा शेवट क्रूर आहे का, यावर वर्गात नेहमी वाद होतो. माझे मत असे की तो क्रूर आहे आणि त्याला तसे असण्याचा अधिकार आहे.

शीर्षकातली 'प्रिय' ही साद मराठीत अर्धीच उतरते. अमेरिकेत 'प्रिय जॉन' पत्र म्हणजे प्रेयसीने सैनिकाला लिहिलेले नाते तोडणारे पत्र, हा युद्धकाळापासूनचा रूढ अर्थ आहे. हे ठाऊक नसेल तर शीर्षक सौजन्याचे वाटते.

आता अलीकडच्या कवींकडे वळतो. सॅली वेन माओ हिच्या २०१९च्या 'ऑक्युलस' या संग्रहात अ‍ॅना मे वाँग या नटीवरच्या कवितांची एक मालिका आहे, आणि सध्याच्या अमेरिकन कवितेत सिनेमा कसा वापरला जातो याचे तिच्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे देता येणार नाही. अ‍ॅना मे वाँग (१९०५–१९६१) लॉस एंजेलिसमध्ये जन्मली, आणि सतराव्या वर्षी 'द टोल ऑफ द सी' या सुरुवातीच्या रंगीत मूकपटाची नायिका झाली. त्या चित्रपटात ती गोऱ्या प्रियकरासाठी प्राण देते. पुढेही तिला असेच मरणारे किंवा दगा देणारे भाग मिळत राहिले. १९३७च्या 'द गुड अर्थ' या चिनी शेतकरी कुटुंबाच्या कथेत नायकाची भूमिका पॉल म्युनीला मिळाली. गोऱ्या नटासमोर चिनी वंशाची पत्नी नको, म्हणून नायिकेचे काम वाँगऐवजी ल्यूझ रायनर या गोऱ्या नटीकडे गेले आणि रायनरला त्यासाठी ऑस्कर मिळाले.

माओ हा अन्याय नुसता सांगत बसत नाही. ती वाँगला एक कालयंत्र देते. त्यात बसून वाँग पुढच्या काळात जाते, ब्रूस लीला भेटते, हाँगकाँगचा दिग्दर्शक वाँग कार-वाय याची स्वप्ने पाहते, आणि 'ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज'ही पाहून येते. या शेवटच्या चित्रपटात मिकी रूनी या गोऱ्या नटाने दात पुढे काढून एका जपानी शेजाऱ्याची विटंबना केली आहे. तारखा जुळवून पाहा. वाँग फेब्रुवारी १९६१मध्ये गेली आणि तो चित्रपट त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आला. ती तो पाहूच शकली नसती. कालयंत्र लागते ते यासाठी. पडद्यावरून ढकलून दिलेल्या नटीला कवयित्रीने प्रेक्षकाच्या खुर्चीत बसवले आहे आणि परीक्षणाचा अधिकार तिच्या हाती दिला आहे. या कवितांसाठी मात्र थोडा गृहपाठ करावा: 'द टोल ऑफ द सी' पाहावा, आणि मार्लीन डीट्रिशसोबतच्या १९३२च्या 'शांघाय एक्स्प्रेस'मधले वाँगचे पत्ते मांडत बसणे पाहावे. दोघींच्या दृश्यांत नजर कुणाकडे जाते ते स्वतःच तपासा.

चित्रपट पाहायला मिळतच नाही, असेही घडते. ए. व्हॅन जॉर्डनच्या २०१३च्या संग्रहात अनेक चित्रपटांवरच्या कविता आहेत, पण त्याच्या मध्यभागी ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकावरची दीर्घ मालिका आहे. मिशोचा पहिला चित्रपट १९१९चा, आणि त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्याचा १९२०चा 'विदिन अवर गेट्स' हरवलाच असे मानले जात होते. त्याची प्रत स्पेनमध्ये सापडली. जिथे रीळ जळून, विरून गेले आहे तिथे कवितेला साक्षीदाराचे काम करावे लागते. टायहिंबा जेसने 'ओलिओ' या संग्रहात हेच काम चित्रपटापूर्वीच्या रंगमंचासाठी केले. त्यात चेहरा काळा रंगवून कृष्णवर्णीयांच्या नकला करण्याच्या खेळांत राबलेले गायक-नट आहेत, आणि त्यांच्यासाठी रचलेली सुनीते वरून खाली, आडवी आणि उलटीही वाचता येतात. काही पाने तर फाडून घडी घालण्यासाठी छिद्रे पाडून छापली आहेत. त्या पुस्तकाला २०१७चे पुलित्झर मिळाले. ग्रंथालयाची प्रत असेल तर पाने फाडू नका, छायाप्रत काढा.

ट्रेसी के. स्मिथच्या 'लाइफ ऑन मार्स' या कवितासंग्रहाबद्दल एकच सूचना करतो. त्यातील ताऱ्यांनी भरलेल्या विश्वाच्या कवितेचे शीर्षक कुब्रिकच्या १९६८च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटातले वाक्य आहे असे अनेकजण लिहितात. ते वाक्य त्या चित्रपटात नाही. ते आर्थर क्लार्कच्या कादंबरीत आहे आणि १९८४च्या पुढच्या भागात आले. परीक्षेत ही चूक करू नका. कवितेत चार्ल्टन हेस्टन येतो, कुब्रिकच्या शेवटच्या दृश्यांतले रंग येतात, आणि मग सावकाश कळते की हे सारे हबल दुर्बिणीवर काम केलेल्या वडिलांपर्यंत पोहोचण्यासाठी आहे. दुर्बिणीची पहिली छायाचित्रे आरशातल्या दोषामुळे अस्पष्ट आली होती आणि दोष १९९३मध्ये दुरुस्त झाला, एवढे माहीत असले तरी पुरते.

गांभीर्याबद्दलच्या तुमच्या शंकेत तथ्य आहे, हेही कबूल करतो. नियतकालिकांत येणाऱ्या चित्रपटविषयक कवितांपैकी बऱ्याच कंटाळवाण्या असतात. त्या चित्रपटाचे कथानक सांगतात, शेवटी आजीची किंवा घटस्फोटाची आठवण जोडतात आणि नटाच्या नावावर उसनी चमक मिळवतात. माझी कसोटी साधी आहे. कवितेतून नटाचे आणि चित्रपटाचे नाव पेन्सिलीने खोडायचे आणि पुन्हा वाचायची. अर्ड्रिकच्या कवितेतून जॉन वेन खोडला तरी तो प्रचंड चेहरा, ते डास आणि ती गाडी उरते. ज्या कवितेत नाव खोडल्यावर काहीच उरत नाही, ती सोडून पुढे जावे. डेव्हिड ट्रिनिडॅडने 'पेटन प्लेस' या १९६०च्या दशकातील मालिकेच्या ५१४ भागांवर दर भागाला एक हायकू लिहिला आहे. कल्पना ऐकताना थिल्लर वाटते, आणि मीही ते पुस्तक थट्टेनेच उघडले होते. पण शेकडो भागांत माणसे खोटे बोलतात, रडतात, गावात परत येतात, आणि प्रत्येक वेळी तेवढ्याच सतरा अक्षरांत. शंभराव्या भागापाशी माझे हसणे थांबले होते. आपल्या रोजच्या मालिकांवर मराठीत कुणी असा प्रयोग केलेला मी पाहिलेला नाही, आणि शिरीष पैंनी हायकू मराठीत रुजवून इतकी वर्षे झाल्यावर तो करायला हरकत नसावी.

शेवटी क्रमाबद्दल. आजच रात्री सुरुवात करायची असेल तर हार्ट क्रेनपासून करा. तो समकालीन नव्हे, पण ही सगळी वाट त्याच्यापासून निघते. ओ'हाराने चित्रपटांपेक्षा सरस असे जे तीनच अमेरिकन कवी गमतीने मोजले होते त्यांत क्रेन आहे, व्हिटमन आणि विल्यम्स यांच्यासोबत. क्रेनने १९२१ साली चॅप्लिनचा 'द किड' पाहिला आणि त्याच वर्षी चॅप्लिनवर कविता लिहिली. आधी ती कविता दोनदा मोठ्याने वाचा. तिच्यात एक मांजरीचे पिल्लू आहे, रस्त्यावरचे, कवीने फाटक्या कोपराच्या उबेत सांभाळायचे म्हटलेले. मग तासाभराचा तो मूकपट पाहा, आणि ते पिल्लू पडद्यावर कोणत्या रूपात आहे ते शोधा. क्रेनने एका पत्रात लिहिले होते की ते पिल्लू म्हणजे यंत्रांच्या धावपळीत जागा न उरलेली कविता, माणसाची कोवळी भावना. पण हे पत्र चित्रपट पाहून झाल्यावरच वाचा.